नको आहे, पुन्हा पाठवू नये

आमच्या घरमालकांच्या फाटकाला नाड्याने बांधलेला एक शिक्का लोंबकळत असे. साधा रबरी शिक्का, लाकडी मुठीचा. शेजारी खिळ्याला शाईच्या पॅडची पत्र्याची डबी अडकवलेली. कोणीही यावं, हातातलं पाकीट फाटकाच्या खांबावर ठेवावं आणि ठप्पकन शिक्का मारून घ्यावा, अशी ती सार्वजनिक सोय होती. सेलूच्या आमच्या गल्लीत पाणपोई नव्हती, वाचनालय नव्हतं, रस्त्यावरचा दिवा होता तो बंद होता. पण हा शिक्का होता. त्यावर लिहिलेलं होतं, ‘नको आहे. पुन्हा पाठवू नये.’

लग्नात, निरोपसमारंभात लोक मला आग्रह करतात, ‘ती घरमालकांची नक्कल होऊ द्या.’ मीही आढेवेढे न घेता उठतो. डाव्या हाताने गळ्यातली लिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या आत सारायची. कपाळावरच्या भस्माला धक्का न लावता घाम टिपायचा. डोळे बारीक करून समोरचं पाकीट न्याहाळायचं. मग उजवा हात खांद्याच्या वर न्यायचा आणि थांबायचं. थांबण्यातच सगळी गंमत आहे. समोरच्यांनी श्वास रोखला की, ठप्प! माणसं हसून लोळतात. मग जेवणाची पानं मांडली जातात आणि पुढचं कुणी विचारत नाही. ते बरंच आहे, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. धरणं-कालव्यांच्या खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ‘तोंडी’ हा शब्द ते ‘उष्टं’ म्हटल्यासारखा उच्चारायचे. मी नवा भाडेकरू होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी उठून बघतो तर मोरीतला नळ पिसाळलेला.

“अप्पा, नळ लय गळायलाय.”

“कोणाचा?”

“माझ्या मोरीतला. तुमच्याच घराचा.”

“मग तसं लेखी द्या.”

मी ओल्या हाताने लेखी दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत केला. “‘गळत आहे’ लिहिलंत. कवापासून, ते न्हाई. आन् दस्तखत कुठाय?” मी दस्तखत केलं. संध्याकाळी माझ्या दाराच्या फटीतून उत्तर आत सरकलं, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ ते उत्तर दाराखालून आत येत होतं तेव्हा मोरीचं पाणी दाराखालून बाहेर चाललं होतं. दोघांची उंबऱ्यावर गाठ पडली आणि ‘विचाराधीन’ वाहून गेलं.

काकू, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “लगीन तेवढं तोंडी ठरलं ह्यांचं. त्याचाच राग काढायलेत अजून.”

हे सगळं हसत सांगता येतं. आता नंदाचं सांगतो.

नंदा त्यांची एकुलती एक मुलगी. परभणीला शिकायला गेली आणि तिथेच एका बौद्ध घरातल्या शिक्षक मुलाशी तिने नोंदणी करून लग्न केलं. दुसऱ्याच दिवशी एकटी सेलूला आली, आईबापांना सांगायला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. फाटकाच्या आत अप्पा, बाहेर नंदा, आणि मागे दाराच्या चौकटीला धरून काकू. ती बाहेरूनच म्हणाली, “अप्पा, मी लग्न केलंय. मला बोलायचंय तुमच्याशी.”

“तोंडी न्हाई,” अप्पा म्हणाले. “काय सांगायचं ते लेखी कळव.”

आणि फाटक लावलं. दुसऱ्या एखाद्या मुलीने फाटक हलवलं असतं, रडली असती, आईला हाक मारली असती. पण ही अप्पांचीच मुलगी. “ठीक हाय,” ती म्हणाली, “लेखीच कळवीन.” आणि पर्स खांद्याला लावून स्टेशनकडे चालू लागली. पुढे तिचा फोन नंबर बदलला, तो काकूंकडे नव्हता, आणि मागायचा कुणाकडे? सेलू ते परभणी आगगाडीने तासाभराचं अंतर. बापलेकींनी ते टपालखात्यावर सोपवलं.

अप्पांनी पत्राची वाट पाहतो असं कधी म्हटलं नाही. पण तेव्हापासून अकराच्या सुमाराला अंगणात खुर्ची यायला लागली. पोस्टमन खाजाभाई सायकलवरून कोपऱ्यावर वळला की घंटी वाजवायचा. घंटी ऐकली की काकू पदराला हात पुसत दारापर्यंत यायच्या आणि विचारायच्या, “कुणाचं हाय?”

कुणाचं असणार? कधी कर्ज देणाऱ्या कंपनीचं. कधी शिकवणी वर्गाचं. कधी कानाची मशीन विकणाऱ्याचं. ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे’ असं बाहेरच लिहिलेलं एक पाकीट तर वारंवार यायचं. निवड कशासाठी झाली ते आत तीन पानं वाचूनही कळायचं नाही. अप्पांनी आयुष्यात एकदा फवाऱ्याचा पंप घेताना दुकानात नाव-पत्ता सांगितला होता. तेवढ्यावर तो पत्ता कुठल्या कुठल्या गावाला फिरून आला होता, कोण जाणे.

अप्पा पाकीट चाळून म्हणायचे, “कुणाचं न्हाई.” काकू आत जायच्या. त्यांची येतानाची आणि जातानाची चाल एकाच बाईची वाटायची नाही. नकलेत मी काकूंना घेत नाही.

या टपालावर अप्पांनी आधी कायदेशीर मार्गाने चढाई केली. प्रत्येक कंपनीला पत्र: विषय, संदर्भ, ‘सदर पत्त्यावर आपले साहित्य पाठविणे बंद करावे.’ उत्तरं आली. ‘आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. आमच्या नव्या योजनांची माहिती सोबत जोडली आहे.’ एक पाकीट बंद करायला गेले आणि चार सुरू झाली. एका कंपनीने कळवलं की नाव काढायचं असेल तर इंटरनेटवर फॉर्म भरा. तो मी भरून दिला. त्यात मोबाइल नंबर विचारला, मग ओटीपी आला, तो टाकला, आणि त्या दुपारपासून अप्पांच्या फोनवर एक गोड आवाजाची बाई कर्ज घ्या म्हणून रोज फोन करायला लागली. अप्पा तिलाही सांगायचे, “तोंडी न्हाई. लेखी कळवा.” तिने तेही मनावर घेतलं.

वर्तमानपत्रातून पडणाऱ्या जाहिराती ते स्वतः परत करायला जायचे. साडीच्या दुकानात भर गर्दीत जायचं, जाहिरातीचा कागद गल्ल्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, “हे तुमचं आमच्या घरी आलं होतं. मिळाल्याची पोच द्या.” दुकानदार आधी हसायचा, मग चहा मागवायचा, मग वैतागून पोच द्यायचा.

पण खरी अडचण देवांची होती. छापणारे हुशार. शिकवणीची जाहिरात असो नाही तर फरशीची, डोक्यावर गणपती किंवा महादेवाची पिंड छापलेलीच. असा कागद केरात टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. वाहत्या पाण्यात सोडायचा. काकूंनी सगळे कागद पोत्यात भरून बाजेखाली ठेवले होते. पोती वाढत गेली तशी बाज जमिनीपासून वर उचलली गेली आणि अप्पा कंपन्यांच्या खर्चाने उंच झोपायला लागले.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी टेम्पो ठरवला आणि पोती घेऊन आम्ही येलदरी धरणाला निघालो, पूर्णेत सोडायला. अप्पांनी तिथल्या कार्यालयात नोकरी केलेली. त्यांना वाटलं, धरण आपलंच आहे. पण राखणदार नवा पोरगा होता.

“काका, पोत्यात काय हाय?”

“देव.”

“एवढे?”

“हाव. लोकांनी पाठवलेत.”

पोराने पोत्यात हात घालून एक कागद काढला. वर गणपती. खाली त्याने मोठ्याने वाचलं, “‘दहावी नापास? घाबरू नका!’ काका, ही कोणती आरती हाय?”

“आरती असू दे, न्हाई तर काही. वरती देव हाय.”

“आन् खाली फोन नंबर हाय. इथं कचरा टाकता येत न्हाई. पायजे तर हापिसातून लेखी परवानगी आणा.”

मला वाटलं आता स्फोट होणार. पण अप्पांचा चेहरा असा उजळला की जणू पोराने त्यांच्या पाया पडून आशीर्वाद मागितला. “बरोबर हाय. पोरगं नियमानं चालायलाय,” ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि पोती पुन्हा टेम्पोत चढवली. तो कागद मात्र पोराने ठेवून घेतला. त्याची बहीण दहावीला होती.

परतीच्या वाटेवर काकू पोत्यावरच बसल्या होत्या. जिंतूर मागे पडलं. मग काकू पोत्यावर हात फिरवत म्हणाल्या, “एवढ्या जगाला आपला पत्ता ठाव हाय. एकीलाच न्हाई का?”

अप्पा टेम्पोच्या फळीला धरून बाहेर बघत म्हणाले, “तिचं आलं बी असंल. ह्या घाणीत गेलं असंल कुठं तरी.”

दुसऱ्या दिवशी ते तहसीलपाशी बसणाऱ्या शिक्केवाल्याकडे गेले.

मजकुरावर घरात चर्चा झाली. अप्पांचा पहिला मसुदा ‘उपरोक्त पत्त्यावरील रहिवाशांस सदर टपालाची आवश्यकता नसल्याने’ असा सुरू होऊन रबराच्या बाहेर जात होता. काकू म्हणाल्या, “नको, एवढं लिहा की.” अप्पांनी एक वाक्य आपलं वाढवलं आणि शिक्का झाला. टपाल घेणारा नको म्हणाला तर पोस्टमनला ते परत न्यावंच लागतं, हे अप्पांना पक्कं माहीत होतं. बाकीच्यांना नव्हतं. नाही म्हणता येतं, हीच गल्लीला बातमी होती. ना अर्ज, ना ओटीपी. हात वर, ठप्प, आणि पाकीट उलट पावली गावाबाहेर.

महिन्याभरात फाटकासमोर बायका रांग लावायला लागल्या. समोरच्या किराणा दुकानाच्या बाईंनी विचारलं, “अप्पा, नणंदेच्या पत्रावर मारला तर चालंल का हो?”

“पत्ता छापील हाय का हातानं लिहिलेला?”

“हातानं.”

“मग घ्यावं लागतंय.”

“जळलं मेलं,” म्हणत बाई पत्र घेऊन गेल्या.

हा नियम अप्पांनी एका फसवणुकीनंतर घातला होता. एका सोनाराने लग्नपत्रिकेसारखी जाड पाकिटं पाठवली होती, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. काकूंनी ते पाकीट आधी देवापुढे ठेवलं, नमस्कार केला, मग उघडलं. आत बांगड्यांच्या घडणावळीवर सूट. काकूंना फसण्यापेक्षा नमस्काराचं वाईट वाटलं. अप्पा दिवसभर अंगणात येरझारा घालत होते. “हळदकुंकवाचा धंदा करायलेत! उद्या सुतकाचं पत्र पाठवून टॉवेल विकतील!” त्या संध्याकाळी त्यांनी नियम जाहीर केला. छापील पत्ता म्हणजे परका. उघडायचं नाही, उलटून बघायचं नाही. हाताने लिहिलेला पत्ता म्हणजे आपलं माणूस, मग तो शिव्या देणारा का असेना.

मी तेव्हा एका बँकेत कर्ज विभागात होतो. आमच्याच बँकेचं ‘पूर्वमंजूर कर्ज’ अप्पांच्या नावाने यायचं. ते शिक्का मारून पोस्टाने परत करायचे आणि शिवाय मला बोलावून सांगायचे, “साहेब, तुमाला आज पुन्हा नको म्हटलंय.” घरभाडं घेतानाही असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

आणि खरंच टपाल आटत गेलं. खाजाभाईची पिशवी आमच्या गल्लीपुरती रिकामी झाली. तो म्हणायचा, “अप्पा, तुमी तर माझी पेन्शन आधीच सुरू केली.” अप्पा खुर्चीत मागे टेकून म्हणायचे, “आता जे यील ते आपलंच असंल.” ते हे काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

मग तो शनिवार आला. बँकेला सुट्टी होती, मी फाटकाशीच उभा होतो. किराणावाल्या बाई आणि अजून दोघंतिघं होते. खाजाभाईने सायकल लावली, पण पाकीट लगेच दिलं नाही, हातात धरून ठेवलं. पांढरं, जाडसर, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. मधोमध छापील पत्त्याची चिठ्ठी डकवलेली.

“आला का सोनार परत,” अप्पा हसले.

“अप्पा, ह्या टायमाला जरा उघडून बघा,” खाजाभाई म्हणाला. “तिकिटं वाकडी लावलीत. कंपनीवाले वाकडी लावत न्हाईत.”

“खाजाभाई, नियम पाकीट बघून बदलत नसतो.”

“माझं काय जातंय. उलटून तरी बघा.”

“उलटून बघायचं न्हाई, हाच तर नियम हाय.”

दारातून काकूंनी विचारलं, “कुणाचं हाय?”

“सोनाराचं,” अप्पा म्हणाले. काकू आत गेल्या.

अप्पांनी डबी सदऱ्यात सारली, घाम टिपला. हात खांद्याच्या वर नेला. थांबले. लोक बघतायत हे त्यांना आवडत होतं. ठप्प! किराणावाल्या बाईंनी टाळी वाजवली. खाजाभाईने पाकीट पिशवीत टाकलं आणि त्या दिवशी घंटी न वाजवताच निघून गेला.

वर्षभरात माझी बदली परभणीला झाली. एका दुपारी बँकेत कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “तुमी वरच्या खोलीत राहायचात ना? सेलूला?” नंदा होती. तिने बापाचं विचारलं नाही, आईचं विचारलं. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता शिक्क्यावर आलो. तिने हात वर करून मला थांबवलं. हात वर करण्याची तऱ्हा अगदी अप्पांची.

“संध्याकाळी घरी या,” ती म्हणाली.

घरी तिचे सासरे होते, निवृत्त मास्तर. त्यांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची पुसली. नंदाने कपाटातून ते पाकीट आणून टेबलावर ठेवलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू, मधोमध छापील पत्ता आणि त्यावर तिरका, ठसठशीत जांभळा शिक्का.

“माझं अक्षर बघितलं असतं तर अप्पांनी फाटकातूनच परत केलं असतं,” ती म्हणाली. “म्हणून पत्ता छापून घेतला. म्हटलं, उघडतील तर. आन् आमच्या घरात हळदकुंकू नसतंय, शेजारणीकडून चिमूटभर मागून आणलं. नुसतं कोरं पाकीट गेलं असतं तर आई घाबरली असती, काय वाईट कळवलं पोरीनं म्हणून.”

मी तिला सोनाराची गोष्ट सांगितली. छापील पत्त्याचा नियम सांगितला. ती आधी हसली, खरोखर हसली, पोटावर हात धरून. मग एकदम थांबली.

“म्हणजे मला न्हाई, सोनाराला नको म्हणाले.”

“हो. शपथेवर सांगतो.”

“बारशाच्या दिवशी परत आलं हे. घर पाहुण्यांनी भरलेलं. पोस्टमननं मामांच्या हातात दिलं. मामांनी मोठ्यानं वाचलं, त्यांना वाटलं कुणाच्या शुभेच्छा हाईत.” तिने मामांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे पाहिलं. “मामांनी जे वाचलं ते कुणाला म्हणाले अप्पा?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “आम्हाला असे शिक्के नवे नाहीत, साहेब. फक्त लेकराच्या बारशाला एखादा येईल असं वाटलं नव्हतं.”

निघताना नंदाने ते पाकीट माझ्या हातात दिलं. ते तिने उघडलेलंही नव्हतं. “आत काय हाय ते मला माहीत हाय. ज्याचं त्याला द्या. फोन नंबर देऊ नका.”

पुढच्या शनिवारी मी सेलूला गेलो. अकरा वाजत आले होते, खुर्ची अंगणातच होती. मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नेहमी मी गोष्ट रंगवून सांगतो. त्या दिवशी चार वाक्यांत संपवली.

अप्पा शिक्क्याकडे बघत राहिले. “हळदकुंकू तिनं लावलं?”

“शेजारणीकडून आणून.”

“आन् पत्ता छापील कामून?”

“तुम्ही अक्षर ओळखून परत कराल म्हणून.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काकू येऊन जमिनीवर बसल्या होत्या. अप्पांनी पाकीट नखाने सावकाश उघडलं आणि वाचायला लागले. आत सगळं हाताने लिहिलेलं होतं, सहीसुद्धा पूर्ण नावाची.

“विषय: नामकरण समारंभास उपस्थित राहण्याबाबत. संदर्भ: आपण फाटकात दिलेला तोंडी आदेश. महोदय, आपल्या आदेशानुसार लेखी कळविण्यात येते की, आपणांस नात झाली आहे. नाक आईसारखे आहे. हट्टीपणा कोणाचा आहे ते आपण येऊन तपासावे. नावाबाबत आईची सूचना आल्यास ती मान्य करण्यात येईल. सूचनेची कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत वाट पाहू.”

अप्पांचा आवाज ‘वाट पाहू’ला संपला. काकूंनी विचारलं, “मग काय ठिवलं नाव?” मी सांगितलं. काकूंनी ते नाव दोनदा पुटपुटलं, जिभेला सवय व्हावी म्हणून.

अप्पा उठले, आतून कात्री आणली आणि फाटकाचा नाडा कापला. शिक्का जमिनीवर पडला तो किराणावाल्या बाईंनी धावत येऊन उचलला. “अप्पा, तुमाला नको असंल तर आमच्या फाटकाला बांधते. गल्लीची सोय हाय ती.” दुपारी तो समोर लोंबकळायला लागला. अजूनही आहे.

मग अप्पा पत्र लिहायला बसले. मी पलीकडे बसून होतो. वर डाव्या बाजूला ‘विषय’ लिहिण्यापुरती जागा त्यांनी सवयीने सोडली आणि ती तशीच कोरी ठेवली. खाली काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं नाही, काकूंनाही नाही. पाकिटावर पत्ता मात्र मोठ्या, गोल अक्षरात लिहिला, लांबून ओळखू यावा असा. पोस्टात स्वतः टाकून आले.

त्यानंतर मी तीन-चार शनिवार जात राहिलो. शेवटच्या खेपेला आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. खाजाभाई कोपऱ्यावर वळला. घंटी वाजली नाही. त्याने सायकल फाटकाला टेकवली, पाकीट काढलं आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मी घ्यावं.

अप्पांनीच हात पुढे केला. त्यांचंच पाकीट होतं ते, न उघडलेलं. त्यांच्या गोल अक्षरातल्या पत्त्यावर निळ्या पेनाने एक आडवी रेघ मारली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘नको आहे. पुन्हा पाठवू नये.’

खाजाभाई खाली बघत म्हणाला, “तिथल्या पोस्टमननं तसंच परत पाठवलंय, अप्पा. घेऊ नका तुमी. मी परत नेतो. हरवलं म्हणून सांगतो.”

अप्पांनी ती ओळ बोटाने चाचपली. निळी शाई, किंचित डावीकडे कललेली अक्षरं.

“हातानं लिहिलेलं हाय,” ते म्हणाले. “मग घ्यावं लागतंय.”

आतून भांड्याचा आवाज थांबला. काकूंनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाचं हाय?”

“नंदाचं,” अप्पा म्हणाले.

आणि काकू पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या.